गादी संपलेला गुडघा

मागच्या महिन्यात आईला घेऊन हाडांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. दोन वर्षं ती शेजारच्या काकूंना सांगत होती की जिना उतरताना जीव जातो, आणि मी फोनवर विचारलं की "काही नाही रे, वय झालं आता" एवढंच. डॉक्टरांनी एक्सरे त्या उजेडाच्या पाटीवर लावला आणि पेनाचं टोक ठेवून दाखवलं, ही बाहेरची बाजू बघा, दोन हाडांच्या मधे काळी फट दिसतेय ना, तेवढी जागा गादीची, आणि आता ही आतली बाजू बघा. आतल्या बाजूला फटच नव्हती. हाडावर हाड टेकलेलं. आईने विचारलं, गोळ्यांनी वगैरे ती परत येते का. डॉक्टर म्हणाले नाही हो, एकदा गेली की गेली, तिला रक्तपुरवठाच नसतो, त्यामुळे ती हाडासारखी भरून येत नाही.

खरं सांगतो, त्या वेळी आईच्या शेजारी बसलेलो असताना माझ्या डोक्यात नाव आलं ते लेडली किंगचं. आणि बाहेर रिक्षात बसल्यावर मी तिला म्हणालो पण, आई, लंडनमधे एक माणूस असल्या गुडघ्यावर कित्येक वर्षं फुटबॉल खेळला, तेही असातसा नाही, इंग्लंडकडून. आई म्हणाली, "काहीतरीच. मला इथे भाजी आणायला जाता येत नाही."

तेव्हापासून लिहायचं डोक्यात होतं. किंगबद्दल मराठीत कुणी काही लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही, आणि तो मला इतका प्रिय आहे की हे राहून जायला नको.

लेडली किंग म्हणजे टॉटनहॅम हॉटस्परचा सेंटर बॅक, म्हणजे गोलकीपरच्या पुढे मधोमध उभा राहणारा डिफेंडर. जन्म १९८० चा, लंडनच्या ईस्ट एंडमधला, बो भागातला. लहानपणी तो सेनरॅब नावाच्या पोरांच्या क्लबकडून खेळायचा, आणि त्याच क्लबात त्याच्या बरोबरीने कोण होतं तर जॉन टेरी, बॉबी झमोरा. वॉन्स्टेड फ्लॅट्सची ती मोकळी मैदानं, एकाला एक लागून कितीतरी पिच, रविवारी सकाळी सगळीकडे एकदम मॅचेस, आपल्याकडे एका मैदानावर दहा टीमचं क्रिकेट चालतं ना, तसंच काहीसं. तिथून किंग शाळेच्या वयातच टॉटनहॅमकडे गेला आणि मग कुठेच गेला नाही. शेवटपर्यंत एकच क्लब. टेरी चेल्सीकडे गेला. या दोघांचं नाव पुढे परत एकत्र येणार आहे.

पहिली मॅच १ मे १९९९, अ‍ॅनफिल्डवर, लिव्हरपूलविरुद्ध, वय १८. टॉटनहॅम ३-२ हरलं. सुरुवातीला त्याला बऱ्याचदा मिडफिल्डमधे खेळवायचे, कारण पाय चांगले, पास सरळ, आणि मागे सोल कॅम्पबेल होताच. मिडफिल्डमधे असतानाच ९ डिसेंबर २००० ला ब्रॅडफर्डविरुद्ध त्याने मॅच सुरू होऊन दहा सेकंदसुद्धा झालेले नसताना गोल मारला. प्रीमियर लीगमधला तेव्हाचा सगळ्यात फास्ट गोल, आणि ते रेकॉर्ड अठरा वर्षांहून जास्त टिकलं, २०१९ मधे शेन लाँगने ते मोडलं. एका डिफेंडरच्या नावावर असलं रेकॉर्ड इतकी वर्षं होतं ही गोष्ट मला फार गोड वाटते. मॅच ३-३ सुटली, ते कुणाच्या लक्षातही नाही.

मग २००१ चा उन्हाळा आला. सोल कॅम्पबेल, कॅप्टन, घरचा वाढलेला, करार संपवून एक पैसा न देता-घेता थेट शेजारच्या, कट्टर वैरी आर्सेनलकडे गेला. उत्तर लंडनमधे याचा अर्थ काय होतो हे बाहेरच्याला सांगून समजत नाही, टॉटनहॅमवाल्यांनी ते आजही सोडलेलं नाही. आणि त्या रिकाम्या जागेत जो उभा राहिला तो वीस वर्षांचा किंग. त्याच्यावर केवढं ओझं असेल बघा, पण मी त्या काळातल्या मॅचेसचे जे काही तुकडे नंतर शोधून शोधून बघितले त्यात पोराच्या चेहऱ्यावर काही म्हणून दिसत नाही. कायम तसाच शांत. ओरडणं नाही, हात नाचवणं नाही, रेफ्रीच्या अंगावर धावणं नाही.

त्याच्या खेळाबद्दल काय सांगू. डिफेंडर लोक हाताने खेळतात हे फुटबॉल बघणाऱ्या कुणालाही माहितीये, शर्ट धरायचा, कोपर लावायचं, दंड आडवा घालायचा, रेफ्रीला दिसणार नाही इतपत. थिएरी ऑन्री, ज्याने त्या काळात इंग्लंडमधल्या झाडून सगळ्या डिफेंडर्सना रडवलं, आणि तोही आर्सेनलचा, त्याने सांगितलं होतं की इथे मला न धरता, न ओढता माझ्याकडून बॉल काढून घेणारा एकच आहे, तो किंग. शत्रूच्या घरून आलेलं सर्टिफिकेट आहे हे. आणि १३ जून २००४ ला लिस्बनमधे ते सगळ्या जगाने बघितलं. युरो कपची इंग्लंडची पहिली मॅच, समोर फ्रान्स, टेरी जखमी म्हणून ऐनवेळी किंगला उतरवलं, वय २३, आणि त्याने ऑन्रीला काही करू दिलं नाही. नव्वदाव्या मिनिटाला इंग्लंड १-० पुढे. नंतर झिदानने इंज्युरी टाइममधे दोन गोल मारले, एक फ्री किक एक पेनल्टी, आणि लोकांना ती मॅच झिदानची म्हणून आठवते, ते बरोबरच आहे. मला किंगची म्हणून आठवते.

पण एक गोष्ट दाखवायची तर मी ५ नोव्हेंबर २००६ ची दाखवीन.

व्हाइट हार्ट लेन, समोर चेल्सी. लीगमधे टॉटनहॅमने चेल्सीला १९९० नंतर हरवलेलं नव्हतं, सोळा वर्षं, एवढ्यात पोरगं दहावी पास होतं. चेल्सीकडे आर्येन रॉबेन, तेव्हाचा रॉबेन, म्हणजे केस गेलेले पण पाय विजेचे. तो बॉल घेऊन सुटतो, पुढे फक्त गोलकीपर पॉल रॉबिन्सन, आणि किंग मागून येतोय. इथे डिफेंडरकडे दोनच रस्ते असतात, शर्ट ओढून पाडायचं आणि लाल कार्ड घेऊन बाहेर जायचं, नाहीतर सोडून द्यायचं. किंग पळत राहतो. तो रॉबेनच्या अगदी मागे नाही, थोडा बाजूने पळतोय, ते महत्त्वाचं आहे, कारण सरळ मागून पाय घातला तर आधी माणूस लागतो आणि मग बॉल. तो बाजू पकडतो, रॉबेन शॉटसाठी बॉल किंचित पुढे ढकलतो, बॉल आणि बूट यांच्यात वीतभर अंतर पडतं, आणि त्या वीतभरात किंगचा पाय येतो. बॉल गेला. माणसाला धक्का नाही. स्टेडियममधे जो आवाज होतो तो गोलच्या वेळी होतो तसा आहे, आणि हा गोल नव्हता, हा न झालेला गोल होता.

टॉटनहॅम २-१ जिंकलं. त्याच मॅचमधे जॉन टेरीला दोन पिवळ्या कार्डांवर बाहेर काढलं. सेनरॅबची दोन पोरं, एकाच मैदानावर.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे या काळात त्याचा गुडघा आधीच बिघडत चालला होता. डावा गुडघा. ऑपरेशनं झाली, आणि मग अशी वेळ आली की ऑपरेशन करायला आत काही उरलंच नाही. आईच्या एक्सरेत जे मी बघितलं तेच. मॅच खेळला की गुडघा पाण्याने फुगायचा आणि तो उतरायला जवळजवळ आठवडा लागायचा. म्हणजे शनिवारी मॅच, पुढचे दिवस सूज उतरण्याची वाट बघणं, जिम, स्विमिंग पूल, जिथे गुडघ्यावर वजन येत नाही असं काहीतरी, आणि मग पुढच्या शनिवारी डायरेक्ट मॅच. टीमबरोबर ट्रेनिंग नाही. एक दिवस नाही दोन दिवस नाही, शेवटची काही वर्षं जवळपास असंच. आठवड्यात दोन मॅचेस आल्या की एक सोडायची.

आता ज्यांनी कुठलाही टीमचा खेळ खेळलाय त्यांना कळेल हे किती अशक्य आहे. चार डिफेंडर एका दोरीत बांधल्यासारखे पुढेमागे व्हावे लागतात, एक जण अर्धं पाऊल मागे राहिला तर ऑफसाइड गेलं, समोरचा मोकळा. ही दोरी ट्रेनिंगमधे बांधली जाते, रोज, शंभर वेळा तेच तेच करून. किंग ते न करता यायचा आणि शेजारी डॉसन असो, वुडगेट असो, त्यांना त्याच्यामुळे सोपं जायचं. तेव्हाचा मॅनेजर हॅरी रेडनॅपने तर साधा हिशेब मांडला होता, तो आला की टीम वेगळी, मग तो सोमवार ते शुक्रवार कुठे का असेना.

लोक म्हणतात तो "गेम वाचायचा". हे वाक्य मला पुरेसं वाटत नाही, कुठल्याही शांत डिफेंडरबद्दल तेच म्हणतात. मी बरेच दिवस त्याला वेगळा शब्द शोधत होतो, आणि तो मला आईकडे बघताना सापडला. काटकसर.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, तेहतीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिली, आणि आता ती घरात पावलांची काटकसर करते. मी यावेळी चार दिवस राहिलो तेव्हा नीट बघितलं. ती स्वयंपाकघरात जायच्या आधी क्षणभर थांबते. तिथून काय काय आणायचंय याची मनात यादी होते, मग उठते, आणि एका फेरीत सगळं घेऊन येते. देवघरातली निरांजनं, वाती, काडेपेटी सगळं कंबरेच्या उंचीला आणून ठेवलंय, खाली वाकायला नको म्हणून. वरच्या मजल्यावर दिवसातून एकदाच, दुपारी, कपडे वाळले की. तिला कुणी शिकवलं नाही हे. गुडघ्याने शिकवलं.

किंग तेच करायचा, फक्त शंभर मीटरच्या मैदानावर आणि समोर जगातले सगळ्यात वेगवान लोक असताना. त्याच्या शेवटच्या सिझन्समधल्या मॅचेस बघा, तो बॉलकडे न बघता जास्त वेळ इकडेतिकडे बघत असतो, मान सारखी फिरतेय, आणि समोरच्याने पास द्यायच्या आधी हा दोन पावलं सरकलेला असतो. दोनच. ती दोन पावलं बरोबर पडली की पुढचं वीस मीटरचं पळणं वाचतं. चांगला गुडघा असलेला डिफेंडर चुकीच्या जागी उभा राहू शकतो, पळून भरून काढतो. याला ती चैन नव्हती. आणि तरी एखाद्या वेळी पळावंच लागलं तर तो पळायचा, पूर्ण पळायचा, काटकसर करणारा माणूस लग्नात हात आखडत नाही तसा.

२४ फेब्रुवारी २००८, लीग कपची फायनल, नवं वेम्बली, परत चेल्सी. आपल्याकडे रविवारची रात्र, साडेआठला सुरू झाली, मी होस्टेलच्या टीव्ही रूममधे, बाकी सगळी पोरं चेल्सीकडून. त्या सिझनमधे किंग लीगच्या मोजक्याच मॅचेस खेळला होता. द्रोग्बाच्या फ्री किकने चेल्सी पुढे, मग टॉटनहॅमच्या बर्बातोव्हची पेनल्टी, तो ज्या थंडपणे पेनल्टी मारतो ते बघून माझ्याच छातीत धडधडत होतं, आणि जादा वेळात वुडगेटच्या तोंडावर, अक्षरशः तोंडावर, बॉल आदळून गोल. २-१. कप घ्यायला किंग वर गेला आणि त्याने तो एकट्याने उचलला नाही, रॉबी कीनबरोबर मिळून उचलला. बरेच महिने किंग बाहेर असताना टीम कीननेच सांभाळली होती. मी तेव्हा नुसता ओरडत होतो, ही गोष्ट नंतर कधीतरी फोटो बघताना लक्षात आली, दोघांचे हात कपच्या दोन कानांना. त्यानंतर टॉटनहॅमला पुढची ट्रॉफी मिळायला २०२५ उजाडलं, बिल्बाओमधे, युरोपा लीग. मधली सतरा वर्षं शेवटचा कप उचललेला कॅप्टन म्हणून लोक ज्याचं नाव घेत होते तो हा.

२००९-१० च्या सिझनमधे तो लीगच्या ३८ पैकी साधारण निम्म्या मॅचेस खेळला. आणि टॉटनहॅम चौथं आलं, पहिल्यांदाच चॅम्पियन्स लीगची दारं उघडली. ती ठरवणारी मॅच ५ मेची, मँचेस्टर सिटीच्या घरी, आपल्याकडे रात्री साडेबाराला, सिटीकडे तेव्हा नुकताच पैशांचा पूर आलेला, समोर तेवेझ, अ‍ॅडेबायोर. क्राउचने शेवटाकडे डोक्याने गोल मारला, १-०. पेपरात फोटो क्राउचचा. त्या रात्री मागे डॉसन आणि किंग ज्या पद्धतीने उभे होते ते मी आजही पाहिजे तेव्हा डोळ्यांसमोर आणू शकतो.

मग त्याच महिन्यात मेक्सिकोविरुद्ध वेम्बलीवर गोल, आणि इंग्लंडचा मॅनेजर कपेल्लोने त्याला वर्ल्ड कपला नेलं. २००६ चा वर्ल्ड कप पायाचं हाड मोडल्यामुळे हुकला होता, हा मिळाला. १२ जून २०१०, रुस्टेनबर्ग, अमेरिकेविरुद्ध. मी इतका खुश होतो की ऑफिसमधे फुटबॉल न बघणाऱ्यांनाही सांगत सुटलो होतो. हाफ टाइमनंतर टीम बाहेर आली तर त्याच्या जागी कॅरागर. जांघेचा स्नायू गेला. गुडघा नाही, दुसरंच काहीतरी, पण शरीर एका ठिकाणी वाचवायला गेलं की दुसरीकडे ताण येतोच, आईचाही आता उजवा खुबा दुखतो. पंचेचाळीस मिनिटं. तेवढाच त्याचा वर्ल्ड कप.

इंग्लंडकडून एकूण २१ मॅचेस. टेरीच्या ७८, रिओ फर्डिनांडच्या ८१, कॅम्पबेलच्या ७३. हे आकडे शेजारी शेजारी लिहिले की मला आत काहीतरी तुटल्यासारखं होतं, कारण तो या तिघांच्या मागे नव्हता. जुलै २०१२ मधे त्याने थांबायचं ठरवलं. वय ३१. सेंटर बॅक तर एकतिसाव्या वर्षी पिकायला लागतो.

एक मात्र कबूल करायला पाहिजे. कॉलेजात असताना मला त्याच्या वेदनेचंच कौतुक जास्त होतं. दुखतंय आणि तरी खेळतोय, केवढा वाघ. आम्ही मित्र मित्र असंच बोलायचो, आणि कुणी दुखापत म्हणून बसला की त्याला किंगचं उदाहरण द्यायचो. आता तसं वाटत नाही. आता आई पहाटे अंथरुणातून उठते तो आवाज मला माहिती आहे, पलंगाची कड, मग काही सेकंद काहीच नाही, मग एक मोठा श्वास, मग पाऊल. त्याच्या प्रत्येक मॅचनंतर रविवारची सकाळ अशीच गेली असणार. आणि हे त्याच्यावर कुणी लादलं असंही मला म्हणता येत नाही, त्याला खेळायचं होतं, खेळण्यासाठीच तो आठवडाभर दुसरं काही करत नव्हता. पण त्या दुखण्याला टाळ्या वाजवायला आता हात उठत नाहीत. टाळ्या त्या दोन पावलांना. पास सुटायच्या आधी सरकलेल्या.

निवृत्तीनंतर तो क्लबचा अ‍ॅम्बॅसेडर झाला, २०२० मधे तेव्हाचा मॅनेजर मोरिन्होच्या हाताखाली डिफेंडर्सना शिकवायलाही आला होता. ज्याला स्वतःला वर्षानुवर्षं ट्रेनिंग ग्राउंडवर उतरता आलं नाही तो माणूस ट्रेनिंग ग्राउंडवर उभा राहून पोरांना शिकवतोय, ते फोटो मी सेव्ह करून ठेवलेत.

परवा निघायच्या आदल्या संध्याकाळी आईच म्हणाली, तो तुझा गुडघेवाला दाखव बघू. मी फोनवर रॉबेनचा तो टॅकल लावला. तिने चष्मा लावून बघितला, एकदा, दोनदा. फुटबॉलमधलं तिला काही कळत नाही, ऑफसाइड तर मी कधी सांगायच्या भानगडीतच पडलो नाही. तिसऱ्यांदा लावल्यावर ती म्हणाली, "हा टकल्या नुसता पुढे बघतोय. मागचा मात्र बघ, त्याला आधीच माहितीये कुठे जायचंय." मग म्हणाली, "आणि एवढं केल्यावर उठायचं परत? खालून?"

"उठायचं, आई. आणि मग अजून मॅच बाकी."

ती काही बोलली नाही. फोन माझ्या हातात दिला, खुर्चीच्या हातावर जोर देऊन उभी राहिली, जागच्या जागी क्षणभर थांबली, आणि स्वयंपाकघरात गेली. आली तेव्हा एका ताटात दोन कप चहा, चकलीचा डबा, माझ्या गाडीसाठी बांधलेल्या दशम्या, आणि तिची रात्रीची गोळी.